बारा फुटांवरची पाटी

१

सोमवारी सकाळी मी अजून पर्ससुद्धा खुंटीला लावली नव्हती, तोच पाट्या धुणाऱ्या नव्या बाईंनी माझ्या टेबलावर एक ओला स्पंज आणून ठेवला. स्पंज निळाशार झाला होता.

“ताई, पाटी धुवायला घेतली,” त्या म्हणाल्या, “तर पाटीच धुऊन निघाली.”

बाई कामावर येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, साबण जास्त झाला असेल. पण मी या कार्यालयात सव्वीस वर्षं स्मृतिफलकांची नोंदवही सांभाळते. या शहरात अमुक घरात अमुक थोर माणूस राहिला, असं सांगणाऱ्या चारशे बारा पाट्या आहेत आणि त्या चारशे बारांची जन्मकुंडली माझ्या वहीत आहे. सगळे मला ‘वहीबाई’ म्हणतात. माझ्या पाठीमागे म्हणतात असं त्यांना वाटतं.

आमच्या पाटीचा रंग जात नाही. ती भाजलेल्या मातीची असते, वर निळी झिलई, पांढरी अक्षरं हातानं उठावाची काढलेली. मध्यभागी किंचित फुगीर, म्हणजे पाऊस आणि धूळ घरंगळून जावी. अशी पाटी जन्मभर घासलीत तरी तुमचा हात झिजेल, तिचा रंग नाही. तेव्हा माझ्या टेबलावरच्या निळ्या स्पंजाचा अर्थ एकच होता. बाई धूत होत्या त्या भिंतीवर आमची पाटी नव्हतीच.

पर्स तशीच खांद्याला ठेवून मी निघाले.

घर उताराच्या गल्लीतलं, विटांचं, तीन मजली. तिथे एक नकाशाकार राहत असत. पायी चालणाऱ्यांसाठी या शहराचा पहिला नकाशा त्यांनी काढला. मोजपट्टी परवडत नव्हती म्हणून गल्लीबोळ पावलांनी मोजले. त्यांना जाऊन चोवीस वर्षं झाली, पाटी लागून चार.

मला शिडीचं वावडं आहे. चौथ्या पायरीनंतर गुडघे माझं ऐकत नाहीत. म्हणून बाईच वर चढल्या आणि ती वस्तू खाली घेऊन आल्या. प्लायवूडची गोल चकती! वर ऑइल पेंट, त्यावर व्हार्निश. उन्हानं व्हार्निश उडालं होतं आणि बाईंनी नेमाने साबण लावून घासल्यावर निम्मा नकाशाकार बादलीत गेला होता. पण उरलेलं काम बघून मी थक्क झाले. अक्षरांना अशी सावली दिली होती की खालून ती उठावाचीच वाटावीत. खऱ्या पाटीच्या उजव्या कडेला झिलईत मोहरीएवढा फुगा होता, माझ्या वहीत त्याची नोंद आहे. पठ्ठ्यानं तो फुगासुद्धा रंगवला होता.

“आत कसं दिसतं?” त्यांना परत वर पाठवून मी खालून ओरडले.

“कशाच्या आत?”

“खाचेच्या! पाटी बसवतात त्या खाचेच्या!”

“एकदम साफ,” बाई वरून म्हणाल्या. “छिन्नीची खूण नाही. चुना असा गुळगुळीत, कुणी बोटानं सारवल्यासारखा.”

साहेबांनी माझा अहवाल उभ्याउभ्या ऐकला. आमचे साहेब नियमपुस्तकावर डोकं ठेवून झोपत असावेत असा आमचा कयास आहे.

“बारा फुटांवर कोण चढतं?” त्यांनी विचारलं.

उत्तरही त्यांनीच दिलं.

“ज्याच्याकडे शिडी आहे तो. चार वर्षं ती पाटी कोण धूत होतं?”

तेही त्यांना माहीत होतं. शिडीमामा. एकतीस वर्षं खांद्यावर शिडी घेऊन या शहराच्या पाट्या धुणारा माणूस. गुडघा सुजला म्हणून रजेवर होता आणि महिनाअखेरीला निवृत्त होणार होता. त्याच्या निरोपाचं भाषण मीच लिहीत होते.

“शुक्रवारपर्यंत पाटी किंवा खुलासा माझ्या टेबलावर हवा,” साहेब म्हणाले. “नाहीतर चोरीची तक्रार त्यांच्या नावावर जाईल. निवृत्तीचे कागद मी आजच थांबवतोय.”

२

माझा पहिला संशय घरमालकावर होता आणि खरं सांगायचं तर तो चोर निघावा अशी माझी मनापासून इच्छा होती. हा गृहस्थ वरच्या दोन मजल्यांवर राहतो. त्याला रस्त्याकडची खिडकी रुंद करायची होती आणि स्मृतिफलकाच्या भिंतीला हात लावायचा नाही म्हणून आमच्या कार्यालयानं दोनदा नकार दिला होता. पाटीच नसली की भिंत मोकळी.

“मी? पाटी चोरीन?” तो हसायलाच लागला. “अहो, खिडकीपायी मी तुमच्या नावानं बोटं मोडतो, ते खरं. पण त्या पाटीमुळे चार लोक माझ्या दाराशी थांबतात, फोटो काढतात. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला बरं म्हटलं ते त्या पाटीमुळे.”

“तिच्याजवळ कधी कुणाला पाहिलंत?”

“तुमच्या लोकांशिवाय कोण जाणार? आणि तुमच्या लोकांचं काम काय सांगू! उद्घाटन झालं, टाळ्या झाल्या, फोटो झाले. पुढे दोन-तीन दिवसांनी बघतो तर ते पडद्याचं कापड परत पाटीवर! चांगलं आठवडाभर तसंच लोंबत होतं. मी कार्यालयाला पत्र टाकलं होतं. उत्तर येतंय कशाला?”

मी ते टिपून घेतलं. चिडलेला माणूस तारखा अचूक सांगतो, हा माझा अनुभव आहे.

तळमजल्यावर नकाशाकारांच्या पत्नी राहतात. वय चौऱ्याऐंशी. गल्लीतले सगळे त्यांना आजी म्हणतात. दृष्टी जाऊन अकरा वर्षं झाली, पण खोलीत वावरताना कुणाला शंका येणार नाही. भिंतीला लावून नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या होत्या. खिडकीशी खुर्ची, खुर्चीच्या डाव्या हाताला एक बुटकं गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत आलेलं जाड कापड. चहा त्यांनी स्वतः केला आणि थेंबही न सांडता माझ्या हातात दिला.

मी कप गोल टेबलावर ठेवला. तो बशीसकट घसरायला लागला, मी कसाबसा धरला.

“तिथे नको गं,” आजी चटकन म्हणाल्या. “खिडकीत ठेव. त्या टेबलाचा पाय लंगडा आहे.”

मी टेबल हळूच दाबून पाहिलं. पाय चांगले भक्कम होते. म्हातारपणी घरातल्या सामानाबद्दल काहीबाही ग्रह होतात, असं म्हणून मी सोडून दिलं. माझ्याही आईला आमचं कपाट रात्री सरकतं असं वाटायचं.

“आजी, तुमच्या यजमानांची पाटी चोरीला गेलीय. भिंतीवर लाकडाची नक्कल होती.”

“हो का?” त्या म्हणाल्या. “मला कुठे दिसतंय, बाळ?”

माझ्या वयाला कुणी बाळ म्हणत नाही. मी जरा विरघळले.

“कुणी केलं असेल, काही अंदाज?”

“कुणावर आळ आलाय?”

“पाटी धुणाऱ्यावर. शिडीमामावर.”

टेबलावरच्या कापडावर त्यांची बोटं सावकाश फिरत होती. ती थांबली.

“तो माणूस चोर नाही,” त्या म्हणाल्या.

“मग कोण चोर आहे?”

“चहा गार होतोय तुझा,” आजी म्हणाल्या, आणि त्यानंतर मी कितीही खोदलं तरी हवापाण्यापलीकडे गेल्या नाहीत.

३

समोरच्या बाजूला पाट्या रंगवणाऱ्याचं दुकान आहे. आमच्या पाट्या नव्हेत. ‘येथे किल्ल्या करून मिळतील’ वगैरे. रंगारी चाळिशीचा, मिशीला पीळ, कानावर ब्रश. दुकानाचं नाव त्यानं तीन रंगांत काढलंय, म्हणजे माणसाला स्वतःच्या हाताचं कौतुक आहे हे उघड होतं. मी चकती त्याच्यापुढे ठेवली.

“ओळखता?”

त्यानं एक नजर टाकली. “नाही बुवा.”

“मलाही तेच वाटलं. तुमचं काम असं नसणार,” मी म्हणाले. “हे कुणीतरी शिकाऊ माणसानं केलेलं दिसतंय. अक्षरं बघा, अगदीच सुमार. रंगही हलका. साबण लागला नाही तोच गेला.”

त्याचे कान लाल झाले. मी आणखी जरा मीठ चोळलं.

“ही सावली तर उलटीच दिलीय.”

“उलटी?” रंगारी उसळला. “बाई, त्या भिंतीवर सकाळचा उजेड डावीकडून येतो! सावली तशीच पडते! आणि सुमार? चार उन्हाळे काढलेत तिनं तिथे! कोणता ऑइल पेंट चार उन्हाळे टिकतो, सांगा!”

“चार?” मी म्हणाले. “मी तर किती दिवस होती याबद्दल काही बोललेच नाही.”

तो मटकन स्टुलावर बसला. कानावरचा ब्रश काढून त्यानं उगाच कापडाला पुसला. मग म्हणाला, “मी रंगवली. खरी पाटी या इथे, या टेबलावर होती पाच दिवस. पण कुणासाठी ते विचारू नका. गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नाही.”

“चोरीच्या मालाची नक्कल केलीत, हे कळतंय का?”

“पैसे घेतले नाहीत मी.”

“का नाही घेतले?”

“नक्कल कशाला पाहिजे ते विचारलं होतं,” तो म्हणाला. “उत्तर ऐकल्यावर पैसे मागायची लाज वाटली.”

याच्यापुढे त्यानं तोंड उघडलं नाही. मी बाहेर पडून कोपऱ्यावरच्या बाकावर बसले आणि बोटांवर मोजायला लागले. आमच्या पाटीचा चुना आठ दिवसांनी दगडासारखा होतो. त्यानंतर पाटी काढायची तर छिन्नीनं अर्धा दिवस लागतो आणि आजूबाजूच्या विटांचे कोपरे उडतातच. इथे एकही वीट दुखावली नव्हती, चुना बोटानं सारवलेला होता. म्हणजे पाटी काढली तेव्हा चुना ओला होता, उद्घाटनाच्याच आठवड्यात. खाच रिकामी दिसू नये म्हणून पडद्याचं कापड परत टाकलं, ते घरमालकाला खुपलं. आणि त्या आठवड्यात शिडी लावून वर जायचं काम एकाच माणसाचं असतं. उद्घाटनानंतर तिसऱ्या दिवशी चुन्याचे शिंतोडे पुसायला आम्हीच त्याला पाठवतो.

बोटं मोजून संपली आणि मला रडू यायचंच बाकी राहिलं. साहेबांचं बरोबर होतं.

४

शिडीमामा पाय उशीवर ठेवून पलंगावर बसले होते. मला बघून उठायला लागले.

“बसा हो,” मी म्हणाले. “तुम्हाला सगळं कळलंय ना?”

“कळलं. बाई फार चांगल्या धुतात,” ते म्हणाले. “मी त्यांना आधीच सांगायला पाहिजे होतं. गुडघ्याच्या नादात राहून गेलं.”

“म्हणजे तुम्ही कबूल करताय?”

“लिहा ना. पाटी मी काढली. नक्कल मी लावली.”

“पाटी कुठे आहे?”

“ते नका लिहू.”

“मामा, साहेबांनी तुमचे कागद थांबवलेत. शुक्रवारनंतर पोलिसात जाणार आहेत ते. एकतीस वर्षांनी कार्यालयातून चोर म्हणून बाहेर पडणार आहात का?”

मामी दारात पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“जाईन,” ते म्हणाले. “माझं काय, चार दिवस लोक बोलतील. पाटी परत वर गेली तर दुसऱ्या माणसाचं जन्माचं नुकसान आहे.”

मला संताप आला. या माणसानं मला माझ्या मुलीच्या बारशापासून पाहिलंय, आणि माझ्यापासून लपवत होता!

“मला का नाही सांगितलंत? मी काय परकी होते?”

मामांनी गुडघ्यावरची पट्टी नीट केली.

“सांगून झालं होतं, ताई,” ते म्हणाले. “मी नाही. जिला पाहिजे होतं तिनं सांगितलं होतं. कार्यालयाला. कागद असेल बघा तुमच्याकडेच.”

५

माझ्याकडेच होता.

जेवणाच्या सुट्टीत कार्यालय रिकामं असतं. मी आधी धुण्याच्या नोंदी काढल्या. शिडीमामांचं अक्षर बाळबोध आहे. प्रत्येक पाटीपुढे तेच: ‘साबणाने धुतली’, ‘साबणाने धुतली’, पानंच्या पानं. फक्त उताराच्या गल्लीतल्या घरापुढे, दर वर्षी: ‘कोरडी पुसली.’ आणि प्रत्येक नोंदीखाली तपासल्याची सही माझी. चार वर्षं मी ते वाचलं नव्हतं. मी सही करत होते, बस्स.

मग त्या पाटीची फाइल. परवानगी, मजकुराची मंजुरी, भट्टीचं बिल, घरमालकाचं कापडाबद्दलचं रागीट पत्र. सर्वात खाली, उद्घाटनाच्या दोन आठवडे आधीचा एक अर्ज. कुणाकडून तरी लिहून घेतलेला, खाली वेडीवाकडी सही.

‘मी नकाशाकारांची पत्नी. मला दिसत नाही. पाटीवरची अक्षरं उठावाची असतात असं कळलं. पाटी दाराशेजारी साडेचार फुटांवर लावली तर माझा हात पोहोचेल. एवढं करता येईल का? त्रासाबद्दल क्षमा असावी.’

त्याला टाचणीनं आमचं उत्तर लावलं होतं. छापील नमुना, चार ओळींपैकी दुसऱ्या ओळीपुढे खूण. ‘नियमानुसार फलक जमिनीपासून बारा फुटांवर लावण्यात येतो. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.’ खाली सही.

सहीसुद्धा माझीच.

मला तो अर्ज आठवत नाही. तेच सर्वात वाईट. दुष्टपणानं नाकारला असता तर निदान आठवला असता. त्या दिवशी मी अशा पंधरा-वीस पत्रांवर सह्या केल्या असतील आणि वेळेवर घरी गेले असेन. चोर शोधायला निघाले होते. सापडलेल्या बाईचा चेहरा मला रोज आरशात दिसतो. मला इतकी लाज वाटली की डबा मी उघडलाच नाही.

अर्ज हातात घेऊन बसले असतानाच मला तो घसरलेला कप आठवला. टेबलाचे पाय भक्कम होते. घसरायचं कारण पायांत नव्हतंच. ते वरती होतं, कापडाखाली, मध्यभागी किंचित फुगीर.

६

“आलीस?” गुरुवारी सकाळी आजी म्हणाल्या. माझी चाहूल त्यांनी दाराशीच ओळखली होती.

“आजी, कापड काढू का?”

“काढ.”

निळी झिलई, पांढरी अक्षरं, उजव्या कडेला मोहरीएवढा फुगा. बुटक्या स्टुलावर पाटी आडवी ठेवलेली, खाली घोंगडीची चुंबळ. मी चारशे बारा पाट्यांची नोंद ठेवते, पण इतकी स्वच्छ पाटी मी पाहिली नव्हती. अक्षरांच्या कडा हातानं गुळगुळीत झाल्या होत्या.

“त्याचा दोष नाही,” आजी म्हणाल्या. “उद्घाटनाला सगळे टाळ्या वाजवत होते. मी विचारलं, काय लिहिलंय? एकानं घाईघाईनं वाचलं, दुसऱ्यानं अर्धंच वाचलं. सगळे गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी बाहेर जाऊन भिंतीला हात लावून उभी राहिले. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा तो शिडी घेऊन आला. म्हणाला, काय शोधताय? मी म्हटलं, कुठवर आहे ते बघतेय. तो म्हणाला, तुमच्या हाताच्या वर अजून सहा फूट.”

“आणि त्यानं ती खाली आणली.”

“एका दुपारपुरती. संध्याकाळी परत लावणार होता. मी हात लावला...” त्या थांबल्या. “मग त्याला ती उचलवेना. मीच म्हणायला हवं होतं, ने म्हणून. म्हणाले नाही. स्वार्थी झाले मी.”

मी त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले. मूर्खासारखं विचारलं, “त्यांचं नाव वाचता रोज?”

“नाव कशाला? ते पाठ आहे की मला.” त्यांनी माझं बोट धरलं आणि शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला नेऊन ठेवलं. ‘इथे राहत होते.’ “हा शब्द वाचते. इथे. दिसेनासं झाल्यापासून मला सगळं एकसारखं, बाळ. ही खोली आहे की दुसरी कुठली, कधीकधी सकाळी कळत नाही. मग हात लावते. इथे. मला बरं वाटतं.”

मी रडले. सांगायला लाजायचं काय कारण आहे? आजी पाठीवर थोपटत राहिल्या, जणू चूक त्यांची होती.

“तुमच्या अर्जाला नकार देणारी मी,” मी म्हणाले.

त्यांचा हात क्षणभर थांबला, मग परत थोपटायला लागला.

“असू दे. आता घेऊन जा ही,” त्या म्हणाल्या. “त्या भल्या माणसाचं नाव माझ्यापायी खराब होत असेल तर आत्ता ने. माझी चार वर्षं झाली भोगून.”

तिकडे तो माणूस तिच्यासाठी चोर व्हायला तयार, इकडे ही त्याच्यासाठी पुन्हा अंधारात जायला तयार. दोघांनी मिळून माझी पुरती पंचाईत करून ठेवली होती. मी पाटीवर परत कापड घातलं.

“आजचा दिवस राहू दे,” मी म्हणाले.

७

शुक्रवारी साहेबांपुढे मी एका पानाचा अहवाल ठेवला. त्यात लपवाछपवी नव्हती: पाटी कुणी काढली, नक्कल कुणी रंगवली, पाटी कुठे आहे. शेवटी कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘नोंद विभागाने अर्ज न वाचता फेटाळला. जबाबदार: नोंद विभाग.’ खाली माझी सही, आणि सोबत तो अर्ज, छापील उत्तरासकट.

साहेबांनी सगळं दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“नियम बारा फुटांचा आहे, कारण खाली लावली तर पाटी चोरीला जाते,” ते म्हणाले.

“बारा फुटांवरची गेलीच की, साहेब. आता साडेचारवर ठेवून बघू.”

ते हसले नाहीत. आमचे साहेब हसत नाहीत. त्यांनी लाल पेन उचललं.

“इथे साडेचार फूट लिहिलंय,” ते अर्जावर बोट ठेवून म्हणाले. “ही चार वर्षांपूर्वीची उंची. या वयात माणूस खचतो. माझी आई दर वर्षी माझ्या खांद्यापासून थोडी खाली जायची. आत्ता त्यांचा हात कुठवर पोहोचतो, मोजलंत का?”

मी मोजलं नव्हतं.

“मग आकडा कसा मंजूर करू मी? जाऊन मोजा. आणि हे शिडीवाल्यांचे निवृत्तीचे कागद.” त्यांनी खणातून काढून माझ्यापुढे सरकवले. सही झालेली होती, शाई वाळलेली. ते कधीपासून तसे होते हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

शनिवारी आजी काठी टेकत दाराशी आल्या आणि विटांवर तळवा ठेवला. अर्जातल्या उंचीपेक्षा चार बोटं खाली. गवंड्यानं खडूनं खूण केली. घरमालक खिडकीतून सूचना देत होता, त्याला कुणी विचारलं नव्हतं. रंगाऱ्यानं दुकान बंद करून खुर्ची आणली आणि शिडीमामांना तिच्यावर बसवलं.

“जन्मात पहिल्यांदा बिनशिडीचं काम बघतोय,” मामा म्हणाले. “कसंतरीच वाटतंय.”

दुपारपर्यंत पाटी बसली. आठ दिवस चुना ओला राहणार, म्हणून मी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून खाली टांगलं: ‘चुना ओला आहे. हात लावू नये.’ त्या घरात राहणाऱ्यांपैकी एकाच व्यक्तीला ते वाचता येणार नव्हतं. मी ते कुणाला वाचूनही दाखवलं नाही, आणि मामांनीही तोंड उघडलं नाही.

सोमवारी तपासणीला गेले तेव्हा गवंडी पाटीशी ओणवा होऊन करवादत होता.

“बघा, ताई! कुणीतरी हात मारलाय. कडेच्या चुन्यात हे बघा, बोटं उमटलीत. चार खड्डे. थांबा, सारवून टाकतो.”

त्यानं थापी उचलली. मी त्याचं मनगट धरलं.

खड्डे लहान होते, अरुंद बोटांचे, अगदी शेवटच्या ओळीच्या सुरुवातीशी. मी माझी बोटं त्यात ठेवून पाहिली. मग वही उघडली, त्या घराचं पान काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘काम चोख. दोष नाही.’

लिहिलेलं पुन्हा एकदा वाचलं, आणि मगच सही केली.